वाक्यातला कर्ता कुठे गेला?

पुण्यात कुणाला गावाचं नाव राळेगाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे अण्णा हजारेंचं का?" नाही हो, ते राळेगणसिद्धी, पारनेर तालुक्यातलं. आमचं राळेगाव यवतमाळ जिल्ह्यातलं, यवतमाळहून कळंबमार्गे गेलं की लागतं. कापसाचा तालुका. दिवाळीच्या सुमारास जाल तर घराघरांत कापूस रचलेला दिसेल आणि गप्पा एकाच विषयावर ऐकू येतील - भाव काय आहे?

तर गेल्या दिवाळीत मी घरी गेलो आणि दुसऱ्याच दिवशी मामा येऊन बसला. "एवढा इंजिनियर झाला तू, दिवसभर इंग्रजीत बोलत असतो म्हणते. आपल्या इथल्या पोट्ट्यांना चार दिवस इंग्रजी शिकव ना बे." मी दिवसभर इंग्रजीत बोलत नाही, दिवसभर इंग्रजीत मेल लिहितो, हा फरक मामाला समजावून सांगणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओसरीवर अकराजण हजर. बहुतेक बारावीचे, तिघंजण बी.कॉम.चे, आणि एक कॉलेज सांभाळून कृषी केंद्रात कामाला जाणारा.

मी मोठ्या उत्साहात ॲक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉइस काढलं. आपल्या सगळ्यांचं लाडकं प्रकरण. राम आंबा खातो, आंबा रामाकडून खाल्ला जातो. इतकी वर्षं राम तोच आंबा खातोय आणि इतकी वर्षं आपण तो आंबा त्याच्याकडून खाल्ला जाववतोय. मुलांना नियम माझ्यापेक्षा चांगले पाठ होते. ऑब्जेक्ट पुढे आणा, टु बी लावा, क्रियापदाचं तिसरं रूप घ्या, शेवटी बाय लावून कर्ता. मार्क पक्के.

मग मी म्हटलं, "आणि बऱ्याच वेळा हा शेवटचा बाय-वाला तुकडा गाळला तरी चालतो."

एक मुलगी म्हणाली, "दादा, पण तो काऊन गाळते?"

मी पुस्तकी उत्तर दिलं. कर्ता माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल तर गाळतात.

ती जरा थांबली आणि म्हणाली, "मंग आमच्या बाबांच्या पावतीवर 'ओलावा जास्त असल्यामुळे कपात करण्यात आली' असं लिहून हाय. थे कपात कोणं केली थे माहीत नाही, का महत्त्वाचं नाही?"

ओसरीवर हशा पिकला. मीही हसलो, पण उत्तर काही माझ्याकडे नव्हतं. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितोय.

ओलाव्याचं प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सीसीआय म्हणजे भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने कापूस घेतं तेव्हा ८ टक्के ओलावा हा आधार धरतं. त्याच्यावर १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर त्या प्रमाणात भाव कमी होतो आणि १२ च्या वर गेला तर हमीभावाने खरेदीच नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे एका टक्क्याला ८१ रुपये १० पैसे. दहा क्विंटल कापूस आणि मशीनवर १० ऐवजी १२ आकडा आला, तर १,६२२ रुपयांचा फरक. आणि १३ आला तर माल परत न्यायचा किंवा बाहेरच्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावात द्यायचा. इतकं सगळं मशीनवरच्या एका आकड्यावर अवलंबून, आणि पावतीवर वाक्य काय? "कपात करण्यात आली."

त्या दिवशी राम आणि आंबा दोघांनाही सुट्टी दिली. फळ्यावर (म्हणजे दारामागच्या जुन्या पत्र्यावर) ते एकच वाक्य लिहिलं आणि मुलांना सांगितलं की याचं ॲक्टिव्ह करा. इंग्रजीत. पहिली अडचण अशी की कर्ता कोण घालायचा? व्यापारी? ग्रेडर? काट्यावरचा माणूस? अर्धा तास वाद झाला. शेवटी जे वाक्य तयार झालं त्याचा मराठीत अर्थ साधारण असा - "मी सकाळी नऊ वाजता गाडीच्या वरच्या थरातला कापूस मशीनवर तपासला, १२ आकडा आला, म्हणून मी चार टक्के भाव कमी केला."

आता दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्या वाक्याशी भांडता येत नाही. कुणाशी भांडणार? कपातीशी? दुसऱ्या वाक्यात मात्र माणूस आहे, वेळ आहे, जागा आहे. त्याला विचारता येतं की बाबा रे, नऊ वाजता दव होतं, बारा वाजता पुन्हा मोजतोस का? वरचाच थर का, मधला का नाही? कदाचित दुसऱ्यांदाही आकडा १२ च येईल आणि व्यापारी खराच निघेल. तेही कळेल. प्रामाणिक व्यापाऱ्याला दुसरं वाक्य लिहायला काहीच अडचण नसते. त्याचा फायदाच आहे त्यात.

तर माझा मुद्दा एवढाच आहे. व्यवसायातली नीती, ज्याला आपल्या ऑफिसात बिझनेस एथिक्स म्हणतात आणि दरवर्षी ऑनलाइन कोर्स करून वीस प्रश्नांत उरकतात, तिचा पहिला प्रश्न असतो - हे कुणी केलं? आणि वाक्याचं व्याकरण सोडवताना पहिला प्रश्न असतो - यात कर्ता कोण? दोन्ही प्रश्न एकच आहेत. मग इंग्रजीचं व्याकरण मुलांना नाहीतरी शिकवायचंच आहे, तर ते पावत्या, करार, जाहिराती, माफीनामे यांच्यावरच का शिकवू नये?

आणि ही काही फक्त इंग्रजीची खोड नाही. कर्तरी-कर्मणी-भावे आपण शाळेत मराठीतही घोकलेच की. "चहा सांडला" आणि "मी चहा सांडला" यातला फरक तीन वर्षांच्या पोरालाही कळतो, म्हणून तर ते पहिलं वाक्य म्हणतं. पण मराठीत ही चोरी आपल्याला पटकन पकडता येते, कारण भाषा अंगात मुरलेली असते. इंग्रजीत पकडता येत नाही. तिथे आपण स्पेलिंग बरोबर आहे का याच्याच टेन्शनमध्ये असतो. समोरचा वाक्यातून हळूच निसटून गेला हे लक्षातच येत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. २००० सालापासून तर मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. पण इंग्रजी वाक्याला "तू खरं बोलतोयस का?" असं विचारायला कुठल्या इयत्तेत शिकवतात, मला तरी आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी नाम घेतलं. भाववाचक नाम, ॲब्स्ट्रॅक्ट नाउन. त्यासाठी थेट दाभोळला गेलो. एन्रॉन हे नाव या मुलांनी ऐकलेलं नव्हतं (मी एकदम म्हातारा झालो त्या क्षणी), पण आपल्या वीज मंडळाला रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या प्रकल्पाने काय महागात पाडलं हे त्यांच्या वडिलांना विचारा. तर या एन्रॉन कंपनीने जुलै २००० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चौसष्ट पानांची नीतिसंहिता काढली होती. कंपनीची चार मूल्यं होती - रिस्पेक्ट, इंटेग्रिटी, कम्युनिकेशन, एक्सलन्स. २ डिसेंबर २००१ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. खोटे हिशेब तोवर बाहेर पडायला लागले होते.

मुलांना म्हटलं, या चार शब्दांत क्रियापद शोधा. नाही सापडलं. चारही नामं. नामाला काही करावं लागत नाही, नुसतं भिंतीवर टांगून घेतलं की झालं. मग इंटेग्रिटीचं क्रियापद करा म्हटलं. अकरा डोकी खाली गेली. एकाने लिहिलं, "वुई रिटर्न एक्स्ट्रा मनी." हा त्याच दिवसांत किराणा दुकानात वीस रुपये जास्त आले म्हणून परत द्यायला गेला होता म्हणे. चौसष्ट पानांपेक्षा मला ती चार शब्दांची नीतिसंहिता जास्त आवडली.

मग आमच्या धंद्यातलं उदाहरण. ७ जानेवारी २००९ चं सत्यमच्या रामलिंग राजूंचं पत्र. ताळेबंदात ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँक शिल्लक दाखवलेली होती, जी अस्तित्वातच नव्हती, असं त्यांनी त्यात स्वतःच कळवलं. पण वाक्यरचना बघण्यासारखी आहे. खरा नफा आणि वहीतला नफा यांतली तफावत सुरुवातीला किरकोळ होती, ती वर्षानुवर्षं वाढत गेली आणि शेवटी आवाक्याबाहेर गेली, असा तो सूर. जणू तफावत म्हणजे परसातलं गाजरगवत, आपलं आपण वाढलं! आणि गंमत म्हणजे हा पॅसिव्ह व्हॉइससुद्धा नाही. शुद्ध ॲक्टिव्ह आहे. फक्त कर्त्याच्या खुर्चीत माणसाऐवजी तफावत बसवलीय. म्हणजे नुसता पॅसिव्ह ओळखता येऊन भागत नाही. खुर्चीत कोण बसलंय ते बघावं लागतं. पत्राच्या शेवटी राजूंनी कायद्याला सामोरं जायची तयारी दाखवली होती, हेही सांगायला हवं. ९ एप्रिल २०१५ ला हैदराबादच्या विशेष न्यायालयाने ते आणि इतर नऊजण यांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे अपील झालं, जामीन झाला. पण त्या निकालात कर्त्यांची नावं होती. कोर्टाला व्याकरण पक्कं लागतं.

तिसरा दिवस मोडल ऑक्झिलरींचा. शुड, मस्ट, मे, शॅल. हे प्रकरण म्हणजे सगळ्यात रटाळ, असं मीही समजत होतो. कृषी केंद्रात काम करणाऱ्या मुलाने कीटकनाशकाच्या डब्यासोबत येणारं माहितीपत्रक आणलं होतं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. डब्यावर तो रंगीत त्रिकोण असतो ना, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा, ते मुलांना मला समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनीच मला सांगितलं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, हातमोजे-मास्क नाहीत, अशी कारणं तेव्हा सांगितली गेली. (बघा, "सांगितली गेली". लेख लिहितालिहिता मीही कर्ता गाळला. इतकी सवय लागलेली आहे.)

अशा पत्रकांवर एक वाक्य हमखास असतं, संरक्षक कपडे घालावेत अशा अर्थाचं. इंग्रजीत "प्रोटेक्टिव्ह क्लोदिंग शुड बी वॉर्न". मी म्हटलं, यातला शुड काढून मस्ट घाला आणि कर्ता शोधा. कर्ता शोधता शोधता एका वाक्याची चार वाक्यं झाली. कंपनीने हे वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहिलंच पाहिजे. दुकानदाराने विकताना समजावून सांगितलंच पाहिजे. शेतमालकाने हातमोजे आणि मास्क दिलेच पाहिजेत. फवारणाऱ्याने ते घातलेच पाहिजेत. चार वाक्यं, चार कर्ते. आणि मूळ वाक्यात या चौघांपैकी तिघं गायब होते. उरला होता फक्त तो एक, ज्याच्या पाठीवर पंप असतो. "शुड बी वॉर्न" म्हटलं की अंगावर कपडे कुणाच्या असायचे? त्याच्या. म्हणजे चूक कुणाची? त्याची.

ओसरी गप्प झाली. एका मुलाचा काका त्या वर्षी दवाखान्यात होता, असं मला नंतर मामाकडून कळलं.

आता तुम्ही म्हणाल, उपदेश करणं सोपं असतं. बरोबर. म्हणून माझी गोष्ट सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी मी प्रॉडक्शनवर एक स्क्रिप्ट चालवली. बॅकअप झालेला असणार असं धरून चाललो. तो झालेला नव्हता. क्लायंटच्या दोन दिवसांच्या ऑर्डरी उडाल्या. रात्रभर बसून बऱ्याचशा परत आणल्या आणि पहाटे मेल लिहिली. "इट वॉज ऑब्झर्व्ह्ड दॅट सर्टन रेकॉर्ड्स वर इनॲडव्हर्टंटली डिलीटेड. द बॅकअप वॉज नॉट व्हेरिफाइड." मॅनेजर खूश. म्हणाला, छान ड्राफ्ट केलीस. सोमवारी कॉलवर क्लायंटने विचारलं, व्हेरिफाय करणं कुणाचं काम होतं? चेकलिस्ट उघडली. त्या रकान्यात आमच्या टीममधल्या फ्रेशरचं नाव होतं. जॉइन होऊन तीन महिने झालेला पोरगा. ते नाव तिथे होतं, कारण ती शीट मीच त्याला भरायला सांगितली होती, नेहमीप्रमाणे, फॉर्मॅलिटी म्हणून. कॉलवर मी म्यूटवर होतो. म्यूटवरच राहिलो. दोन आठवड्यांत त्याला प्रोजेक्टवरून काढलं, काही महिन्यांनी त्याने कंपनी सोडली.

माझ्या मेलमधलं एकही वाक्य खोटं नव्हतं. व्याकरणाची एकही चूक नव्हती. मी फक्त कर्त्याची जागा रिकामी ठेवली होती, आणि रिकामी जागा रिकामी राहत नाही. तिथे सगळ्यात खालचा माणूस जाऊन पडतो. कापसाच्या काट्यावर तसंच, फवारणीत तसंच, आणि हिंजवडीच्या एसी ऑफिसातही तसंच.

यावर दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला आमच्या क्षेत्रातले लोक घेतील. चुकीचा शोध घेताना कुणावर ठपका ठेवायचा नाही, ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम करायचं, ही चांगली पद्धत नाही का? आहे, उत्तमच आहे. पण ठपका न ठेवणं वेगळं आणि कर्ता पुसून टाकणं वेगळं. "मी बॅकअप न तपासता स्क्रिप्ट चालवली, कारण स्क्रिप्ट तो तपासायला भाग पाडत नव्हती" या वाक्यात कर्ता आहे आणि तरी शिक्षा नाही, उलट सुधारणा कुठे करायची ते कळतंय. ज्या टीममध्ये हे वाक्य न घाबरता लिहिता येतं तीच टीम खरी ब्लेमलेस. पॅसिव्हची गरज असतेच, ते काही पाप नाही. "त्यांचं घर जळालं" असं लिहिताना घर महत्त्वाचं असतं. वैज्ञानिक प्रयोगात तापमान मोजलं गेलं म्हणतात, कुणी मोजलं याने तिथे फरक पडत नाही. मुलांना एवढाच प्रश्न शिकवायचा - इथे कर्ता गाळल्याने कुणाचा फायदा होतोय?

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. पोरांना मार्क हवेत, नोकरी हवी. इंटरव्ह्यूला इंग्रजी नीट आलं पाहिजे, नीतिपाठ कशाला? तर माझा अनुभव चार दिवसांचाच आहे, फार मोठा दावा करत नाही. पण राम-आंब्याला कंटाळलेली मुलं पावतीच्या वाक्यावर अर्धा तास भांडली, आणि भांडताना इंग्रजीत चुकायची लाज विसरली, हे मी बघितलं. कंडिशनल शिकवायला ओलाव्याचा तक्ता पुरला. ओलावा एवढा असेल तर भाव एवढा, मोजणी दुपारी केली असती तर भाव एवढा मिळाला असता. इफ-वुड-हॅव एका झटक्यात कळलं, कारण त्यात त्यांच्या घरचे पैसे होते. व्याकरण रटाळ नसतं. आपण त्याला रटाळ वाक्यं खायला घालतो.

शेवटच्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, विकण्या-विकत घेण्याबद्दल स्वतःची एक गोष्ट लिहा, पाच वाक्यं, सगळी ॲक्टिव्ह. कृषी केंद्रातल्या मुलाने कागद सगळ्यात शेवटी दिला. चार वाक्यं साधी होती, दुकान कधी उघडतं वगैरे. पाचवं होतं, "सम सीड्स वर सोल्ड विदाउट बिल." मी त्याच्याकडे बघितलं. तो खाली बघत म्हणाला, "सर, एवढं एक पॅसिव्ह चालते का?"

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बरोबर होतं. बिलाशिवाय बियाणं घेतलेल्या शेतकऱ्याचं पीक उगवलं नाही तर त्याच्या हातात दाखवायला काहीच नसतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्याची नोकरी जाऊ शकते हे मलाही माहीत होतं. आणि पुन्हा तेच - मालकाने सांगितलं, विकलं मात्र याच्या हाताने. मी म्हटलं, "बरोबर आहे वाक्य. पण दुकानाचा मालकही कर्ता होऊ शकतो ना?" त्याने कागद परत घेतला, थोडा वेळ पेन धरून बसला, आणि घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, उद्या देतो. उद्या मी पुण्याच्या गाडीत होतो.

त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्या फ्रेशरचा पत्ता मी शोधून काढलाय, तो आता बंगलोरला असतो. मेल ड्राफ्टमध्ये आहे. पहिलं वाक्य आतापर्यंत सहा वेळा लिहिलं. त्यातलं "आय" हे अक्षर दर वेळी पुन्हा टाइप करावं लागतं. या वीकेंडला पाठवतो.